बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला; दोष निघाला अर्थच्या पट्टीत

गाडीची किल्ली फिरवली की स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) नुसता कण्हायचा. गॅरेजमधल्या शिकाऊ पोराने आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर. दुखणं तसंच. शेवटी मीच मल्टिमीटर काढला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवली आणि पोराला स्टार्टर मारायला सांगितलं: १.८ व्होल्ट! तिथे फार तर ०.२-०.३ दिसायला हवं. अर्थची पट्टी, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनच्या धातूला जोडणारी पट्टी, बोल्टखाली गंजलेली होती. बॅटरीचा मायनस काढून पट्टी खोलली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा आवळली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

पोराचा राग नाही आला. दोन वर्षं तो पाने पुसतोय, पार्ट बदलतोय. लोड असताना, म्हणजे स्टार्टर मारत असताना, व्होल्टेज ड्रॉप (जोडणीत वाया जाणारे व्होल्ट) मोजायचा असतो, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. (उस्तादांना तरी ठाऊक होतं का, देव जाणे.)