अर्धा भरलेला फॉर्म वाचवायचा कसा?

तीन पानी अर्ज भरत आणलाय आणि अंगठा चुकून बॅकवर पडतो. झालं, सगळं पहिल्यापासून! आपल्या साइटवर कुणावर ही वेळ यायला नको असेल, तर पान सोडतानाचे इव्हेंट (काही घडलं की ब्राउझर देतो त्या सूचना) जावास्क्रिप्टमध्ये हाताळावे लागतात.

आधी हँडलर लिहा, म्हणजे इव्हेंट आला की चालणारं फंक्शन. त्यात मुख्य काम एकच, इव्हेंटचं प्रिव्हेंटडिफॉल्ट बोलावणं; त्यानेच ब्राउझर ‘खरंच जायचंय?’ असं विचारणारी चौकट दाखवतो. जुन्या ब्राउझरांसाठी रिटर्नव्हॅल्यू ट्रू करून ठेवा. फंक्शनला नाव द्या, कारण निनावी फंक्शन नंतर काढता येत नाही. (नाव देवनागरीत दिलं तरी जावास्क्रिप्टला चालतं. मी ‘थांबजरा’ ठेवतो.)

फॉर्ममध्ये पहिला ‘इनपुट’ इव्हेंट आला की ॲडइव्हेंटलिसनरने हे फंक्शन विंडोच्या ‘बिफोरअनलोड’ला, म्हणजे पान सोडण्याआधी येणाऱ्या इव्हेंटला जोडा. फक्त नाव द्यायचं. पुढे कंस टाकलात तर ते जागच्या जागी चालतं आणि पान सोडताना काहीच होत नाही. या कंसापायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. फॉर्म सबमिट होताना रिमूव्हइव्हेंटलिसनर लावा, नाहीतर अर्ज पाठवणाऱ्यालाच ‘खरंच जायचंय?’ असा प्रश्न पडेल.

त्या चौकटीत आपला मराठी मजकूर दाखवता येत नाही. फसव्या साइट तिथे वाट्टेल ते लिहून लोकांना घाबरवायच्या, म्हणून क्रोमने २०१६ मध्ये ५१व्या आवृत्तीपासून ती सोय काढली. बाकीच्या ब्राउझरांतही आता ब्राउझरचंच ठरावीक वाक्य दिसतं.

मोबाइलवर मात्र यावर विसंबू नका. माणूस दुसऱ्या ॲपवर जातो आणि तिथूनच ब्राउझर सरकवून बंद करतो; तेव्हा ‘बिफोरअनलोड’ बहुधा येतच नाही. म्हणून डॉक्युमेंटवर ‘व्हिजिबिलिटीचेंज’ ऐका, व्हिजिबिलिटीस्टेट ‘हिडन’ झाली की मसुदा लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साठवणीत) टाका आणि पान उघडताना तो परत भरा. सर्व्हरला काही कळवायचं असेल तर साधी विनंती अर्ध्यात तुटू शकते. नेव्हिगेटरचं सेंडबीकन वापरा. ६४ केबीच्या आतला डेटा ते पान बंद होत असतानाही पाठवतं.

जुन्या धड्यांतला ‘अनलोड’ इव्हेंट विसरा. क्रोम तो हळूहळू बंद करतोय, शिवाय त्याच्यामुळे बॅक दाबल्यावर पान झटकन उघडत नाही. त्याच्या जागी ‘पेजहाइड’ आहे.

तपासताना आधी फॉर्ममध्ये एखादं अक्षर टाइप करा, मगच टॅब बंद करा. पानाला हातच लावला नसेल तर क्रोम काही विचारत नाही, आणि आपण उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो.