मिडवेस्टमध्ये शहर निवडताना : नव्याने आलेल्या मराठी चित्रकारांसाठी

कलाशाखेची पदव्युत्तर पदवी हातात पडली, किंवा जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत येणे झाले, की चित्रकार मंडळी आम्हा जुन्या रहिवाशांना विचारतात की न्यूयॉर्क परवडणार नाही, तर मिडवेस्टमधले (अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातले) कोणते शहर निवडावे. मी मुद्राचित्रकार (प्रिंटमेकर) आहे, दोन वर्षे शिकागोत काढून गेली १९ वर्षे सेंट पॉलमध्ये राहतो आहे. त्यामुळे माझा कल ट्विन सिटीजकडे, म्हणजे मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांकडे आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

शहराच्याही आधी व्हिसाचा विचार करावा लागतो. एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) असलेल्या व्यक्तीकडे कामाचा परवाना नसेल, तर चित्र विकून पैसे घेणे हेसुद्धा काम धरले जाऊ शकते, म्हणून पहिले चित्र विकण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिक्षण संपल्यानंतर मिळणाऱ्या ओपीटीची, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या परवानगीची मुदत १२ महिन्यांची असते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी आणखी २४ महिन्यांची वाढ चित्रकलेच्या पदवीला सहसा मिळत नाही; शिवाय त्या काळात एकूण ९० दिवसांहून अधिक कामाविना राहता येत नाही. शहर शोधण्यात चार महिने घालवणे या हिशोबात बसत नाही. पुढे ओ-१ व्हिसासाठी (असाधारण गुणवत्तेच्या व्यक्तींना मिळणाऱ्या) अर्ज करण्याचा विचार असेल, तर प्रदर्शनांची निमंत्रणपत्रे, कॅटलॉग आणि मराठी वृत्तपत्रांतली परीक्षणे इंग्रजी भाषांतरासह आजपासूनच जपून ठेवावीत.

आता शहराकडे येतो. नवीन माणूस साधारणपणे घरभाडे पाहतो आणि त्या शहरात मोठे कलासंग्रहालय आहे का, हे पाहतो. मीही तेच केले होते. शिकागोतल्या माझ्या पहिल्या स्टुडिओचे भाडे कमी होते, पण त्या इमारतीचे हीटिंग शनिवार-रविवारी बंद ठेवले जाई, आणि नोकरी सांभाळून काम करणाऱ्या माझ्याकडे नेमके तेच दोन दिवस मोकळे असत. गारठ्यात एचिंगची (आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून करायच्या छपाईची) शाई इतकी घट्ट होई की प्लेट नीट पुसताच येत नसे. त्या हिवाळ्यात मी जेमतेम तीन प्लेट पूर्ण केल्या. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की चित्रकाराने आधी कामाची जागा आणि सामायिक साधने शोधावीत आणि घर त्यानंतर पाहावे. एचिंग प्रेस, लिथोचे (दगडावरून करायच्या छपाईचे) दगड, भट्टी किंवा माग कोणी एकटा विकत घेऊन भाड्याच्या खोलीत ठेवू शकत नाही. ते जिथे वर्गणी भरून वापरता येतात, तिथेच आपले काम चालू राहते.

या बाबतीत मिनियापोलिस समृद्ध आहे. मुद्राचित्रणासाठी हायपॉइंट सेंटर, मातीकामासाठी नॉर्दर्न क्ले सेंटर, पुस्तकबांधणी आणि लेटरप्रेससाठी मिनेसोटा सेंटर फॉर बुक आर्ट्‌स आणि कापडकामासाठी टेक्सटाइल सेंटर, असे प्रत्येक माध्यमाचे स्वतंत्र घर इथे आहे. अशा जागी शेजारच्या टेबलावर काम करणारी माणसे हाच आपला पहिला परिचय ठरतो. माझ्या पहिल्या तीन प्रदर्शनांची बोलावणी तिथल्याच ओळखीतून आली. क्लीव्हलंडमध्ये झायगोट प्रेस आणि हातकागदासाठी मॉर्गन कॉन्झर्व्हेटरी आहे, आणि कागदावर काम करणाऱ्याने ते शहर अवश्य विचारात घ्यावे. मातीकाम करणाऱ्याने शिकागोचे लिलस्ट्रीट आणि डेट्रॉइटची १९०३ पासूनची प्यूआबिक पॉटरी पाहून यावी.

दुसरा प्रश्न सार्वजनिक पैशाचा. मिनेसोटाच्या मतदारांनी २००८ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीकर ०.३७५ टक्क्याने वाढवून घेतला. ही वाढ २०३४ पर्यंत आहे, आणि तिच्या उत्पन्नातला १९.७५ टक्के वाटा कला व सांस्कृतिक वारशासाठी राखलेला आहे. राज्य कला मंडळ आणि ११ प्रादेशिक कला परिषदा यांच्यामार्फत त्यातला काही भाग थेट कलावंतांपर्यंत पोहोचतो, आणि माझ्या मते हाच या राज्याचा खरा फरक आहे. सेंट लुईसमध्ये १९७१ पासून मालमत्ता कराचा एक हिस्सा प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालयांना मिळतो, त्यामुळे तिथले कलासंग्रहालय सर्वांना विनामूल्य पाहता येते; पण तो पैसा संस्थांचा आहे, आपल्या हाती येणारा नव्हे. क्लीव्हलंड ज्या कायाहोगा काउंटीत आहे, तिथे २००६ मध्ये सिगारेटवर कलेसाठी कर बसला, मात्र लोक धूम्रपान सोडत गेले तसे उत्पन्न आटत गेले आणि २०२४ मध्ये मतदारांना तो कर वाढवावा लागला. कोणत्याही अनुदानाचा अर्ज भरण्यापूर्वी त्या राज्यात किती काळ राहिलेले असावे लागते आणि आपला व्हिसा त्यात बसतो का, या दोन अटी आधी वाचाव्यात, कारण नवीन आलेल्यांचे बरेच अर्ज तिथेच बाद होतात.

राहण्याबद्दल थोडे सांगतो. १९७९ मध्ये मिनियापोलिसमध्ये सुरू झालेल्या आर्टस्पेस या संस्थेने सेंट पॉलच्या लोअरटाउन भागातले जुने गोदाम १९९० मध्ये कलावंतांच्या घर-स्टुडिओंसाठी खुले केले, आणि आता तशा इमारती इतर शहरांतही आहेत. तिथे उत्पन्नाची कमाल मर्यादा असते, कलावंतांची समिती मुलाखत घेते, प्रतीक्षायादी लांब असते आणि घरातले सगळे जण पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर सहसा जागा मिळत नाही. म्हणून शिक्षण संपता संपताच नाव नोंदवावे. नॉर्थईस्ट मिनियापोलिसमधल्या नॉर्थ्रप किंगसारख्या जुन्या औद्योगिक इमारतींत सहसा केवळ स्टुडिओ मिळतो, राहण्याची जागा नव्हे. पण मे महिन्यात आर्ट-अ-व्हर्लच्या तीन दिवसांत या परिसरातले शेकडो स्टुडिओ लोकांसाठी उघडतात आणि एरवी गॅलरीत पाऊल न टाकणारी माणसे तिथे चित्रे विकत घेतात. विक्री सुरू करण्यापूर्वी राज्याकडे विक्रीकरासाठी नोंदणी करून घ्यावी.

शिकागोवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, की गॅलऱ्या, संग्राहक आणि समीक्षा यांत मिडवेस्टमधले दुसरे कोणतेही शहर त्याच्या जवळपास येत नाही, आणि गाडी नसतानाही तिथे राहता येते. डेट्रॉइटमध्ये जागा मोठी आणि स्वस्त मिळते, पण गाडीवाचून चालत नाही आणि तिथला गाडीचा विमा महाग आहे. स्टुडिओच्या भाड्यात वाचलेले पैसे त्यात जातात. महाराष्ट्र मंडळे या सगळ्या शहरांत आहेत. गणपतीच्या आराशीसाठी तुम्हाला हक्काने बोलावले जाईल, आणि परक्या देशात त्या आपलेपणाचे मोल मोठे आहे. तरीही चित्रांचे ग्राहक मंडळाबाहेरच शोधावे लागतील.

शेवटी हवेबद्दल. अ‍ॅक्रिलिक रंग गोठला तर कायमचा खराब होऊ शकतो, त्यामुळे जानेवारीत तो टपालाने मागवू नये आणि रात्रभर गाडीत ठेवू नये. घरातली हवा हीटिंगने इतकी कोरडी होते की लाकडी पॅनेलला आणि तंबोऱ्यालाही तडे जाऊ शकतात, म्हणून ह्युमिडिफायर पहिल्याच महिन्यात घ्यावा. निवड पक्की करण्यापूर्वी त्या शहरात जून महिन्यात जाऊ नये, फेब्रुवारीत चार दिवस जाऊन राहावे. त्यातल्या एका संध्याकाळी सामायिक वर्कशॉपमध्ये बसून किती माणसे काम करत आहेत ते पाहावे, आणि ज्या स्टुडिओची लीज घ्यायची आहे, तिथे रविवारी सकाळी जाऊन हीटिंगच्या रेडिएटरला हात लावून पाहावा.