तळ्याचं पाणलोट राखताय? या चुका टाळा

तळं वाचवायचं ठरलं की गटाचा पहिला रविवार काठावर जातो. प्लास्टिक गोळा होतं, जलपर्णी ओढून ढीग लावले जातात, फोटो निघतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी पुन्हा गढूळ होतं आणि गटात कुजबुज सुरू होते, 'एवढं करून काय उपयोग झाला?' श्रमदान कमी पडलेलं नसतं, ते भलत्या टोकाला झालेलं असतं. तळ्यात जे दिसतं ते बहुतेक वरून वाहत आलेलं असतं.

माती कुठून येते ते न बघता काम काढणं. चांगला पाऊस चालू असताना छत्री घेऊन निघा, दोघं-तिघं मिळून. ओढा तळ्याला मिळतो तिथून वर चालत जा आणि जिथे दोन ओहोळ एकत्र येतात तिथे दोन्हींचं पाणी वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत भरा. बाटल्या शेजारी धरल्या की नकाशापेक्षा जास्त कळतं. आमच्या गटाने हे केलं तेव्हा ज्या शेतांच्या नावाने आम्ही खडे फोडत होतो, तिकडची बाटली जवळजवळ नितळ निघाली. माती येत होती एका नव्या रस्त्यासाठी कापलेल्या उघड्या उतारावरून. दोन वर्षं आम्ही निष्पाप माणसांशी भांडलो होतो! (पूर चढत असेल तर ओढ्यात उतरू नका, बाटली काठावरूनच भरा.)

पायथ्यापासून सुरुवात. ओढ्यात बंधारा बांधला की काम 'दिसतं', म्हणून तो आधी होतो. वरचा डोंगर उघडा असेल तर तो बंधारा एक-दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. 'माथा ते पायथा' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, तरी माथ्यावर जायला कुणी तयार नसतं. आधी उतारावर गवत आणि चर, मग ओघळींत अनगड दगडांचे छोटे बांध, आणि सगळ्यात शेवटी मोठा बंधारा.

डोळ्याच्या अंदाजाने चर खणणं. ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण तिने धूप वाढते. समतल चर (उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला) एका टोकाला जरा खाली गेला की सगळं पाणी तिकडे धावतं, काठ फोडतं आणि नवी ओघळ पाडतं. तीन काठ्यांचा ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची चौकट) आणि ओळंबा पुरतो, पण तो आधी तपासा. दोन्ही पाय टेकवून आडव्या काठीवर दोरी जिथे येते तिथे खूण करा. मग पायांच्या जागांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य ही खरी समपातळी. चरातली माती उताराच्या खालच्या बाजूला टाका आणि कडेला थोडी जागा मोकळी सोडा, नाहीतर तीच माती घरंगळून परत चरात येते. आणि दरवर्षी पावसाआधी गाळ काढायचं काम आतापासूनच कुणाच्या तरी नावावर टाका. ते नाव वहीत नसेल तर तिसऱ्या वर्षी चर शोधावा लागतो.

काठ 'सुंदर' करणं. पाणकणीस उपटून दगडी भिंत आणि फरसबंदी करू नका. काठावरची दाट मुळं गाळ अडवतात, लाटांचा मार झेलतात, माशांच्या पिलांना आडोसा देतात. लोकांना पाण्यापर्यंत जायला एक वाट पुरते.

हिरव्या पाण्यावर चुकीचा उपाय. आधी रोग ओळखा. पावसानंतर तपकिरी होऊन काही दिवसांत निवळणारं पाणी मातीची तक्रार सांगतं. ऊन तापल्यावर, वारा पडल्यावर हिरवं होणारं पाणी फॉस्फरसकडे बोट दाखवतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १९७३ साली '२२६ क्रमांकाचं तळं' प्रयोगासाठी मधोमध पडदा टाकून दुभागलं गेलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, दुसऱ्यात त्यांच्याबरोबर फॉस्फरसही. थोड्याच आठवड्यांत फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला. हा फॉस्फरस सांडपाण्यातून आणि खतातून येतो, आणि मातीच्या बारीक कणांना चिकटूनही येतो. म्हणून वरची धूप थांबवणं हेच हिरव्या पाण्यावरचंही काम आहे.

पृष्ठभागावर तवंग असेल तर लांब काठी बुडवून काढा. धाग्यांसारखं लोंबलं तर ते तंतुमय शेवाळ, सहसा निरुपद्रवी. रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी काठी माखली तर नील-हरित शेवाळाचा संशय घ्या, ते विषारी असू शकतं. ते पाणी माणसांना आणि जनावरांना देऊ नका. उकळून विष जात नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला ईरी सरोवरातून येणारं नळाचं पाणी याच कारणाने पिऊ नका असं सांगावं लागलं, तेव्हाही उकळू नका असंच सांगितलं होतं. मोरचूद टाकून शेवाळ मारायचा मोहही टाळा. पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात मिसळतं.

न मोजता निकालाची घाई. पाण्याचा नितळपणा मोजणारी सेकी चकती १८६५ पासून वापरात आहे आणि अजून तिच्यासारखं स्वस्त साधन नाही. २० सेंटीमीटरची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची थाळी दोरीने पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली, दोन्हींची सरासरी लिहायची. नावेच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून, दर वेळी त्याच जागी, भर दुपारच्या सुमाराला. श्रमदानाच्या दिवशीचं एकच माप कामाचं नाही, सलग काही वर्षांची वही हवी.

घाई का नको, तेही सांगतो. सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये जाणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ मध्ये वळवलं आणि काही वर्षांत पाणी स्वच्छ झालं. पण ते सरोवर खोल आहे. उथळ तळ्यात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस तळाच्या गाळात साठलेला असतो, आणि तळाशी प्राणवायू संपला की तो पुन्हा पाण्यात सुटतो. वरचा पुरवठा थांबवल्यावरही पहिले काही उन्हाळे तळं हिरवं दिसू शकतं. हे सदस्यांना पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी माणसं गळतात.

वरच्या माणसांना बोलावणं राहून जाणं. गट बहुतेक वेळा काठावर राहणाऱ्यांचा असतो आणि उतारावर शेती करणाऱ्याला फक्त नोटीस जाते. त्याला तळ्याचं काय पडलंय? त्याच्या बांधावरून माती जाते आहे, हे मात्र त्याला पडलेलं असतं. बैठक त्याच्या शेतावर घ्या, भरलेली बाटली सोबत न्या आणि 'तुमची माती तळ्यात चालली आहे, ती शेतातच थांबवायला आमचे हात घ्या' असं म्हणा. बोलणं तिथून पुढे जातं.