अंगणातल्या सागवानी बाकाला काय लावावं?

बाहेरच्या लाकडासाठी पॉलिश किंवा तेल घ्यायला गेलं की दुकानात सगळे एकच विचारतात, ‘किती वर्षं टिकेल?’ त्याऐवजी, ते गेल्यावर परत लावायला किती त्रास पडेल, हे विचारा.

फ्रेंच पॉलिश (लाखेचं पॉलिश) आणि मेलामाइन (घरातल्या फर्निचरचं चकचकीत पॉलिश) घरातच ठेवा. पाणी लागलं की फ्रेंच पॉलिश पांढरं पडतं. वार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) लाकडावर काचेसारखा थर धरतं. दिसतं झकास. पण पारदर्शक थरातून ऊन आत जातं, खालचं लाकूड झिजतं आणि थराची पकड सुटते. मग एका चिरेतून पाणी शिरलं की पापुद्रे निघायला लागतात आणि सगळा बाक खरवडावा लागतो. तेल लाकडात मुरतं, वर थर राहत नाही, त्यामुळे सोलून निघायला काही नसतंच. वर्षातून एकदा तेलाचा हात द्यावा लागतो, एवढंच. माझं मत तेलाच्या बाजूने.

जवसाचं ‘बॉइल्ड’, म्हणजे लवकर सुकणारं तेल घ्या. कच्चं तेल कित्येक दिवस सुकत नाही. कोकणासारख्या दमट हवेत जवसाच्या तेलावर बुरशी धरते, तिथे बुरशीरोधक घातलेलं, बाहेरच्या वापराचं लाकडाचं तेल बरं. किंचित रंग असलेलं घेतलंत तर उन्हापुढे जास्त टिकतं.

काम पावसाळ्याआधी, लाकूड खडखडीत वाळलेलं असताना करा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा, धूळ पुसा. पहिल्या हाताला तेलात थोडं टर्पेंटाइन मिसळा, म्हणजे ते खोल जातं. पायांची खालची टोकं आणि कापलेल्या कडा सर्वांत जास्त पाणी पितात. तिथे लाकूड तेल ओढायचं थांबेपर्यंत लावत राहा. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसायलाच हवं, नाहीतर बाक चिकट राहतो आणि बसणाऱ्याच्या कपड्यांना डाग पडतात. एक दिवस जाऊ द्या, मग दुसरा पातळ हात.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

पुढच्या वर्षी बाकावर पाणी शिंपडून बघा. थेंब गोल उभे राहिले तर काही करू नका. लाकूड गडद होऊन पाणी पिऊ लागलं की तेवढीच जागा घासून तेल लावा; बहुतेक वेळा ती हात टेकायची जागा असते.