लेसन प्लॅनमधला उजवा रकाना : बडोद्यात बी.एड.ला येणाऱ्यांसाठी

बी.एड.ला नंबर लागला की घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'चला, दोन वर्षं निवांत जातील.' निवांत काही जात नाहीत. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, 2014 च्या नियमांप्रमाणे वर्षाला किमान 200 दिवस काम चालतं, आठवड्याला 36 तास. तास आणि प्रात्यक्षिकं मिळून 80 टक्के हजेरी लागते, इंटर्नशिपला, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या शिकवण्याच्या सरावाला, 90 टक्के. इंटर्नशिप एकूण वीस आठवड्यांची, त्यातले चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. नोकरी सांभाळून करू म्हणणाऱ्यांनी आधी हे गणित मांडावं. 'फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो' असं सांगणारं कुणी भेटलं तर तिथून सरळ परत फिरा. असल्या पदवीने कागद हातात येतो, पण पहिल्या दिवशी चाळीस पोरं समोर बसतात तेव्हा त्या कागदाचा काडीचा उपयोग होत नाही. हे मी रागानेच लिहिते आहे, कारण नुकसान शेवटी त्या पोरांचं होतं.

आणखी एक गोष्ट प्रवेशाआधीच नक्की करा. पहिली ते पाचवी शिकवायचं मनात असेल तर बी.एड. तुमच्यासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये हा निकाल दिला आहे. त्या वर्गांसाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते, जिला इथे अजून बरेचजण पीटीसी म्हणतात. शिक्षक भरतीसाठी पात्रता परीक्षा द्यावी लागते : सहावी ते आठवीला टेट-2, नववीपासून पुढे टाट. टाट विषयवार असते, म्हणून पदवीचा विषय आणि बी.एड.ची मेथड, म्हणजे तिथे शिकवायला निवडलेला विषय, जुळते की नाही ते फॉर्म भरतानाच बघा. 'सोपी वाटली म्हणून घेतली' ही मेथड पुढे भरतीच्या वेळी आडवी येते.

आता बडोद्याबद्दल थोडं. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. आपल्या घरातल्या पणज्या-आज्या वाचायला शिकल्या त्याचं मूळ तिथे आहे. 1935 साली इथे माध्यमिक शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज निघालं, 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि त्या कॉलेजचीच पुढे शिक्षण आणि मानसशास्त्राची फॅकल्टी झाली. हंसाबेन मेहता विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. 1963 पासून शिक्षणाच्या प्रगत अभ्यासाचं केंद्र, म्हणजे 'केस', इथेच आहे. देशभरातल्या शिक्षण-संशोधनाचा पहिला मोठा आढावा प्रा. एम. बी. बुच यांनी 1974 मध्ये इथूनच काढला. भारतात मायक्रोटीचिंगवर, म्हणजे छोट्या पाठातून एकेक कौशल्य घोटण्याच्या पद्धतीवर, सुरुवातीला जे काम झालं त्यातलं बरंच याच केंद्रातलं. त्यामुळे मायक्रोटीचिंगचं ते छत्तीस मिनिटांचं चक्र तुम्हाला सुरुवातीला पोरखेळ वाटलं, तरी तसं समजून उरकू नका. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं ऐकून घ्यायचं, बारा मिनिटांत नव्याने आखायचं, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं आणि पुन्हा सहा मिनिटं ऐकायचं. चुकलेलं लगेच त्याच दिवशी दुरुस्त करायला मिळतं. नोकरीत ही सवलत कुणी देत नाही.

मला जे खरं सांगायचं आहे ते लेसन प्लॅनबद्दल.

लेसन प्लॅनची वही सगळ्यांनी पाहिलेली असते. मुद्दा, उद्दिष्टं, डावीकडे शिक्षकाची कृती, उजवीकडे विद्यार्थ्यांची कृती, कडेला फलकलेखन. शिक्षकाच्या रकान्यात आपण प्रश्न लिहितो आणि विद्यार्थ्याच्या रकान्यात त्याचं उत्तरही आपणच लिहितो. पाठ अजून झालेला नसतो, वर्ग अजून बघितलेला नसतो, पण मुलं काय बोलणार ते निळ्या शाईत उतरवून ठेवलेलं असतं. सापळा हा आहे, आणि मी त्यात पुरती सापडले होते. वर्गात गेल्यावर आपण मुलांचं ऐकत नाही, त्या रकान्यातलं वाक्य कुणाच्या तोंडून येतंय एवढंच शोधत राहतो. पहिल्याचं उत्तर जुळलं नाही की 'बस', दुसऱ्याचं नाही जुळलं की 'अजून कोण?' शेवटी पहिल्या बाकावरची हुशार मुलगी ते वाक्य म्हणते, आपण 'व्हेरी गुड' म्हणतो आणि पुढे सरकतो. पाठ वेळेत संपतो. निरीक्षक समाधानी असतात. मागच्या चार बाकांवर कुणालाच काही कळलेलं नसतं.

एक तास बारकाईने सांगते. इयत्ता सहावी, विज्ञान, विषय संघनन. स्टीलच्या पेल्यात बर्फाचं पाणी, पेला टेबलावर, बाहेरून थेंब जमलेले. प्रश्न : हे पाणी कुठून आलं? उजव्या रकान्यात लिहिलेलं : 'हवेतली वाफ थंड पेल्याला लागून तिचं पाणी झालं.' एक मुलगा उठून म्हणाला, 'बेन, पेला झिरपतोय, माटल्यासारखा.' (बेन म्हणजे बाई, माटलं म्हणजे माठ.) रकान्यात हे उत्तर नव्हतं. पण जरा थांबून बघा, त्या मुलाने काय केलं आहे! घरचं माटलं बाहेरून ओलं असतं हे त्याने पाहिलंय, ते आतल्या पाण्यामुळे असतं हे त्याला माहीत आहे, आणि तो अनुभव त्याने इथे लावून पाहिला. हा शास्त्रज्ञासारखाच विचार आहे, फक्त निष्कर्ष तपासायचा राहिला आहे. आणि तपासणं किती सोपं! पेल्यात लाल सरबत ओता, बर्फ घाला, बाहेर जमलेले थेंब पांढऱ्या रुमालाने पुसा. रुमाल लाल झाला तर पेला झिरपतो, नाही झाला तर पाणी बाहेरून आलं. मग दुसऱ्या पेल्यात साधं कोमट पाणी ठेवा, त्याला बाहेर थेंबच येत नाहीत. हे दोन्ही पेले बघितल्यावर 'वाफ' हा शब्द मुलं आपणहून काढतात. 'चूक, बस' म्हटलं की ते सगळं तिथेच संपतं, आणि तो मुलगा पुढच्या वेळी हात वर करत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे : उजव्या रकान्यात एक बरोबर उत्तर लिहून थांबू नका. त्याच प्रश्नाची मुलं देतील अशी तीन तरी वेगळी उत्तरं लिहा, चुकीची धरून, आणि प्रत्येकापुढे आपण काय करणार ते लिहा. वही जाड होईल, मार्गदर्शक कदाचित विचारतील की एवढं कशाला. होऊ द्या. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. बहुतेक शिक्षक एक सेकंदही धड थांबत नाहीत हे मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेने फार पूर्वी दाखवून दिलं आहे. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. ते तीन सेकंद तुम्हाला युगासारखे वाटतील, कारण मागे कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं. तरी थांबा.

तयार लेसन प्लॅनच्या पीडीएफ, सिनियरच्या वह्या, आता एआयकडून लिहून घेतलेले प्लॅन, या सगळ्यांत खोट हीच आहे. डावा रकाना चांगला असतो, कधीकधी आपल्यापेक्षा चांगला असतो. पण उजवा रकाना तुमच्या शाळेतल्या, तुमच्या वर्गातल्या मुलांना न भेटताच भरलेला असतो. नमुना म्हणून एखादा वाचायला माझी हरकत नाही. उतरवून काढायला आहे.

पहिले काही पाठ फसतातच. घसा बसतो, खडू तुटतो, वेळ उरतो किंवा पुरत नाही, घरी येऊन रडू येतं. हे सगळ्यांचं होतं, आणि त्यावरून कुणी 'शिक्षकाचा पिंड' आहे की नाही ते ठरत नाही. वर्गात मोठ्या आवाजात बोलणारे, पहिल्याच दिवशी टाळ्या घेणारे पुढे फार चांगले शिक्षक होतात असं मी पाहिलेलं नाही. हळू बोलणाऱ्या, मुलांकडे वळून वळून बघणाऱ्या मुलींचे वर्ग मात्र सोळा आठवड्यांत पार बदललेले पाहिले आहेत.

मार्गदर्शक निवडायला मिळत असेल तर 'छान, छान' म्हणून सही करणारे टाळा. एका शाळेत निरीक्षण-वहीत प्रत्येक पाठाखाली 'समाधानकारक' एवढाच शेरा मिळायचा. त्याने काय सुधारायचं? कडक, पण नेमकं बोलणारे शिक्षक धरा. तसे नाही मिळाले तर मैत्रिणीला मागे बसवा आणि फ्लँडर्सची, म्हणजे वर्गातलं बोलणं आकड्यांत नोंदायची, पद्धत वापरा. अभ्यासक्रमात ती बोलण्याच्या दहा प्रकारांची यादी म्हणून पाठ करतात आणि विसरतात. मैत्रिणीने दर तीन सेकंदांनी त्या वेळी चाललेल्या प्रकाराचा आकडा लिहायचा, दहा मिनिटांत दोनशे आकडे होतात. त्यात पाच, म्हणजे नुसतं व्याख्यान, किती आहेत, आणि तीन, म्हणजे मुलाने मांडलेली कल्पना शिक्षकाने उचलून पुढे नेली, ते किती आहेत, हे मोजा. माटल्याचं उत्तर धरून सरबत ओतलं, तो तीन. नऊसुद्धा बघा, म्हणजे मूल आपणहून बोललं ते. कागदावर तीन आणि नऊ जवळजवळ नसतील तर वाईट वाटेल, पण कुठे काम करायचं ते दिसेल.

आपल्या मराठी मुलामुलींना इथे भाषेची एक वेगळीच कसरत असते. विद्यापीठात इंग्रजी, सरावाची शाळा बहुधा गुजराती माध्यमाची, आणि दांडिया बाजारातल्या घरी मराठी. गुजराती बोलता येतं म्हणून आपण निर्धास्त असतो, पण भाजी घेताना लागणारं गुजराती वेगळं आणि फळ्यावर शुद्ध लिहायचं गुजराती वेगळं. सहावी ते दहावीची तुमच्या विषयाची गुजराती पाठ्यपुस्तकं आत्ताच वाचायला घ्या, पाठ्यपुस्तक मंडळाच्या पीडीएफ मिळतात. एक शब्द अडला तर मुलांनाच विचारा. त्यांना बेनला शिकवायला आवडतं, आणि तुमची किंमत त्याने कमी होत नाही.

ज्यांना पुढे मुख्याध्यापक व्हायचंय त्यांच्यासाठी : एम.एड.ही आता दोन वर्षांचं आहे, बी.एड.ला 50 टक्के लागतात, आणि त्यात व्यवस्थापन, धोरण, नियोजन हे विषय येतात. गुजरातमध्ये अनुदानित माध्यमिक शाळांत आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, होण्यासाठी एचमॅट ही अभियोग्यता परीक्षा द्यावी लागते आणि शिकवण्याचा अनुभव लागतो. घाई करून काही वर्षं वाचवण्याचा विचार करू नका, वर्गातली वर्षं वाया जात नाहीत. एचमॅटच्या क्लासला गर्दी असते. तिथे कायदे आणि नियम पाठ करून घेतात आणि ते लागतातही. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात हे शिक्षणहक्क कायद्यातलं कलम आचार्यांना माहीत हवंच. पण शाळा चालवायला बसल्यावर उजवा रकाना पुन्हा समोर येतो. गुणोत्सव या शाळांच्या सरकारी मूल्यमापनाची माहिती, यू-डायस ही शाळांची सरकारी माहिती-नोंद, ऑनलाइन हजेरी, तपासणीचे फॉर्म, सगळीकडे अपेक्षित उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि भरणाऱ्याचा हात आपसूक तिकडे जातो. 'समितीची बैठक झाली : होय.' आली किती माणसं, बोललं कोण, हे कुणी विचारत नाही. आचार्यांनी ते विचारलं पाहिजे.

एम.एड.ला असताना किंवा नुसते सिनियर शिक्षक असाल तेव्हाही, दुसऱ्याच्या वर्गात निरीक्षणाला जाल तर मागच्या बाकावर बसू नका. तिथून फक्त शिक्षक दिसतो आणि मुलांच्या पाठी दिसतात. खिडकीजवळ, पुढे, बाजूला बसा, म्हणजे चेहरे दिसतील आणि वह्यांत काय उतरतंय ते दिसेल. तास संपल्यावर शिक्षकाला आधी विचारा की आज कोणत्या मुलाचं उत्तर अनपेक्षित होतं. पहिल्यांदा त्यांना आठवणार नाही. दोन-तीन वेळा विचारलंत की पुढच्या वेळी ते लक्षात ठेवून तासाला जातील.

आणि ज्यांचा प्रवेश यंदाच झालाय त्यांनी पहिल्या महिन्यात एवढंच करा : वहीत उजवा रकाना डाव्यापेक्षा रुंद आखा.