ओंकारेश्वरला दर्शन करून लगेच पळू नका, बेट चालून या

इंदूरच्या आपल्या मराठी घरांमध्ये ओंकारेश्वर म्हणजे पाहुण्यांचं ठरलेलं पॅकेज. पुण्याहून कोणी आलं की एक दिवस उज्जैन, एक दिवस ओंकारेश्वर, सकाळी पोहे-जलेबी हाणून निघायचं, पूल ओलांडायचा, लाइनीत उभं राहायचं, दर्शन, फोटो, संध्याकाळी घरी. मी पण कितीतरी वेळा असंच केलंय. मग एकदा मावशी म्हणाली, अगं तू बेट बेट म्हणतेस पण पलीकडचं पाणी आहे कुठे? आणि मला सांगताच येईना, कारण मी पुलापासून देवळापर्यंतच्या बाजारापुढे कधी गेलेच नव्हते. म्हणून हे लिहितेय, एक रात्र काढून बेट नीट कसं बघायचं ते.

आधी नकाशा डोक्यात बसवा म्हणजे तिथे गोंधळ होत नाही. इंदूरहून साधारण 80 किमी, सिमरोल, मग भेरूघाट उतरून बडवाह, पुढे मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडायची आणि डावीकडे वळून 12 किमी. म्हणजे तुम्ही पोहोचता दक्षिण तीरावर. ब्रह्मपुरी आणि विष्णुपुरी या तीरावरच्या वस्त्या, आणि समोर पाण्यात उभा डोंगर दिसतो तो मांधाता, त्याला शिवपुरी पण म्हणतात. बेट लांबीला साधारण 4 किमी. आपल्या बाजूला नर्मदा, आणि डोंगराच्या मागे उत्तरेला जो फाटा वाहतो त्याला तिथले लोक कावेरी म्हणतात (दक्षिणेतली नाही, ही निमाडातली छोटी कावेरी, ती नर्मदेत शिरून बेटामागून वेगळी वाहते आणि पश्चिम टोकाला पुन्हा येऊन मिळते अशी श्रद्धा). मावशीचं पलीकडचं पाणी ते हेच. आणि बेट ॐ च्या आकाराचं आहे असं जे सांगतात ते जमिनीवरून कुठूनच दिसत नाही, ते शोधत बसू नका.

डोंगराची उतरण उत्तरेला सावकाश आहे, दक्षिणेला आणि पूर्वेला मात्र सरळ कडे. म्हणूनच दाट वस्ती बेटावर पसरलेली नाही, देऊळ, बाजार, पंड्यांची घरं सगळं दक्षिणेच्या अरुंद पट्टीत एकावर एक चढलेलं आहे, गल्ली इतकी बारीक की समोरून नारळाची पोती डोक्यावर घेतलेला माणूस आला तर तुम्हीच दुकानात शिरायचं. वर जुना राजवाडा दिसतो तो मांधात्याच्या राव घराण्याचा, भिलाला जमातीतले सरदार होते ते.

आता राहायचं कुठे. आपल्या लोकांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास, स्वच्छ आणि जेवण आपल्या तोंडाचं. बाकी धर्मशाळा आहेतच. गाडी या तीरावरच ठेवा. सोमवार, श्रावण, शिवरात्र, नर्मदा जयंती आणि अमावस्या टाळा, गर्दी बघायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. श्रावणातल्या सोमवारी ओंकार महाराजांची पालखी कोटितीर्थ घाटावर येते, मग नावेत बसून नर्मदेत फिरते, ते बघायचं असेल तर गर्दीला तयार राहून जा.

पोहोचलात त्या दिवशी संध्याकाळी फक्त ममलेश्वर करा, ते या तीरावरच आहे, आणि जुन्या कोरीवकामासाठी मला तर मुख्य देवळापेक्षा तेच जास्त आवडतं, शांत बसता येतं. मग पूल ओलांडून ओंकारेश्वराची शयन आरती गाठा, साधारण साडेआठच्या आसपास असते पण तिथे विचारून घ्या. आरतीनंतर गाभाऱ्यात चौपट मांडतात, शंकर-पार्वती रात्री येऊन सोंगट्या खेळतात म्हणून. यात एक मजा आहे जी इंदूरच्या लोकांनाच माहीत नसते. कार्तिक शुद्ध अष्टमीपासून वद्य अष्टमीपर्यंत पंधरा दिवस देव माळव्यात फिरायला गेलेले असतात, त्या दिवसांत चौपट मांडतच नाहीत. म्हणजे देव आपल्याकडे आणि आपण त्यांच्याकडे, चुकामूकच की. देऊळ पाच मजली आहे, खाली ओंकारेश्वर, वरच्या मजल्यावर महाकालेश्वर, आणि त्याच्याही वर सिद्धनाथ, गुप्तेश्वर, ध्वजेश्वर, वर जायला मिळालं तर जा.

बेटाची परिक्रमा दुसऱ्या दिवशी, आणि पहाटे. हे मी अनुभवाने सांगतेय. आम्ही पहिल्यांदा मे महिन्यात सकाळी अकराला निघालो, चपला देवळाजवळ सोडून, कारण एकाने सांगितलं की परिक्रमा अनवाणीच करतात. अर्ध्या तासात फरशी अशी तापली की काका सावली ते सावली उड्या मारत होते, शेवटी एका कुटीतल्या साधूबाबांनी पायाला बांधायला गोणपाटाचे तुकडे दिले. नवस नसेल तर सरळ जुने सँडल घाला. वाट साधारण 7 किमी, रमतगमत तीन तास, पाणी आणि टोपी घ्या. खाण्याची पिशवी हातात लटकवू नका, माकडं ती आधी बघतात आणि तुम्हाला नंतर.

देवळापासून पश्चिमेला निघायचं, बेट उजव्या हाताला, म्हणजे प्रदक्षिणा बरोबर होते. सुरुवातीची वाट सपाट, कडेला गीतेचे श्लोक लिहिलेले दिसतात, मधे आश्रम, कुटी, चहाची टपरी. पश्चिम टोकाला संगम आणि ऋणमुक्तेश्वर, तिथे कर्ज फिटावं म्हणून चण्याची डाळ वाहतात (आमच्या काकांनी होम लोनसाठी वाहिली, ईएमआय चालूच आहे). इथे थांबा, दोन्हीकडचं पाणी एकत्र होताना दिसतं, मावशीला इथेच आणून उभं केलं मी. मग वाट कावेरीच्या बाजूने चढायला लागते आणि खरी दमछाक आता. वर गौरी सोमनाथ, तीन मजली जुनं देऊळ, आत काळं प्रचंड शिवलिंग, मामा-भाचे दोघांनी मिळून कवेत घेतलं तरच मिठी पुरते असं सांगतात. पुढे 108 फुटी आदि शंकराचार्यांचा पुतळा, सप्टेंबर 2023 मध्ये अनावरण झालं. शंकराचार्यांना गुरू गोविंद भगवत्पाद इथे एका गुहेत भेटले म्हणून हा पुतळा, ती गुहा खाली मुख्य देवळापाशीच आहे. पूर्वेकडे सिद्धनाथाचं पडकं देऊळ चुकवू नका, जोत्याभोवती कोरलेले हत्ती आहेत, लोक थकून तसेच पुढे निघून जातात. तिथून धरण समोर दिसतं, मग पायऱ्या उतरून परत बाजारात.

धरणाचं मात्र गांभीर्याने घ्या. ते बेटाच्या जरा वरच्या अंगाला प्रवाहात आहे, 520 मेगावॅटचं, आणि वीज बनवायला पाणी सोडलं की घाटाची पातळी बघता बघता बदलते. सायरन वाजला की खडकावरून आधी वर या, फोटो राहू दे. 2005 मध्ये इथून वरच्या अंगाला धाराजीला अमावस्येच्या जत्रेत असंच पाणी आलं आणि 60 हून जास्त माणसं गेली, आपल्या पिढीने ते विसरू नये. नावेत बसायचं तर लाइफ जॅकेट मागून घ्या, भाव आधी ठरवा. आमच्या एका नावाड्याने आठजणांच्या नावेत चौदा कोंबले आणि आम्ही लाजेखातर गप्प बसलो. तसं करू नका, उतरून या.

तिथल्या माणसांशी बोलायचं असेल तर सुरुवात «नर्मदे हर» ने करा, नमस्कारापेक्षा हे लवकर लागू पडतं. टपरीवर पाच मिनिटं बसलात की निमाडी, म्हणजे इथली बोली, कानावर पडते, आणि नदीवर कोणाचं काय चालतं ते कळतं: कोणाची नाव, कोणाचं फुलांचं दुकान, कोण पिढीजात पंडा. पंड्याकडे पूजा करायची तर दक्षिणा आधीच बोलून घ्या, त्यांनाही ते चालतं. पांढऱ्या कपड्यातले, कमंडलू-काठीवाले दिसले तर ते नर्मदा परिक्रमावासी, म्हणजे चालत सगळ्या नर्मदेला प्रदक्षिणा घालणारे, त्यात मराठी माणसं खूप. नर्मदेची परिक्रमा उचलल्यावर नदी ओलांडायची नसते म्हणून ते बेटावर येत नाहीत, दक्षिण तीरावरच भेटतील. त्यांना पुलावर चला म्हणून आग्रह करू नका, मी केला होता, त्या आजी हसल्या फक्त. चहा किंवा शिधा द्या, तो आनंदाने घेतात.

येताना बडवाहला थांबून चिवडा घ्या, दोन पाकिटं जास्तच, एक भेरूघाट चढायच्या आतच संपतं.