आत्याला तिसऱ्याऐवजी तळमजल्याचं घर कसं मिळालं – माझा अनुभव (नाशिक)

आत्याला लहानपणापासून पोलिओ, वय आता सत्तरीकडे, आणि पंतप्रधान आवास योजनेच्या सोडतीत पाथर्डी फाट्याकडचं घर लागलं ते नेमकं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कधी चालू कधी बंद. ऑफिसात तोंडी विचारलं की उत्तर एकच, सोडतीत आलं ते आलं, बदलत नाही.

मग लेखी अर्ज केला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट टाकल्या. एक, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३७, घरांच्या योजनांमध्ये किमान ४०% दिव्यांगत्व असलेल्यांना ५% आरक्षण, त्यातही बायकांना प्राधान्य. दुसरं, या योजनेच्याच मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग आणि ज्येष्ठांना तळमजला किंवा खालचे मजले देताना प्राधान्य द्या असं आहे, ते पान प्रिंट काढून जोडलं. सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार, उत्पन्नाचा दाखला (योजनेत अत्यल्प उत्पन्न गटाला वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे). आणि पोच घेतलीच, शिक्का तारखेसकट, ती सोडू नका बरं का, पुढचं सगळं तिच्यावरच चालतं.

तरी फाईल हलेना, म्हणून माहिती अधिकारात विचारलं की तळमजल्यावरची कुठली घरं अजून कोणाला दिलेली नाहीत. त्यात एक रिकामं निघालं, नंबरासकट परत अर्ज दिला आणि बदल मंजूर झाला.

दारातल्या दोन पायऱ्यांवर उतार आणि संडासात धरायला दांडा मात्र आम्हीच बसवून घेतला. कोणाला अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, टाइप करून देतो.